डार्कनेटचा बाजार: निनावीपणा, एन्क्रिप्शन आणि विश्वास याबद्दल मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायबर सुरक्षेवर बोलायला मी लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर या भागातल्या कॉलेजांत आणि गावच्या वाचनालयांत जातो. बोलणं कशावरही असो, शेवटी प्रश्न डार्कनेटवर येतात. विचारणारे कधी क्लासची मुलं असतात, कधी त्यांचे परभणी-हिंगोलीकडचे पालक, कधी ग्राहक सेवा केंद्र चालवणारे तरुण, तर कधी तालुक्याचे पत्रकार. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठल्या बाजाराचा पत्ता किंवा तिथे खरेदी करायची रीत इथे मिळणार नाही. तो बाजार कसा चालतो आणि कुठे मोडतो हे मात्र सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की त्याची मोहिनी आपोआप उतरते.

डार्क वेब, डीप वेब, डार्कनेट हे सगळं एकच का?

नाही. गूगलवर शोधून जे सापडत नाही ते सगळं डीप वेब. तुमच्या बँक खात्याचं पान, विद्यापीठाच्या पोर्टलमधली तुमची गुणपत्रिका, तुमची ईमेल, सगळं त्यातच येतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डार्कनेट हा त्याच्यापुढे अगदी लहान भाग आहे. तिथे पोचायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, बहुतेक वेळा टॉर, आणि तिथल्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट ओनियन असतं. याच साइटना डार्क वेब म्हणतात. हिमनगाचं चित्र टाकून ‘नव्वद टक्के इंटरनेट हे डार्क वेब आहे’ असं सांगणारे मेसेज फिरतात. ते डीप वेबचा आकार डार्क वेबच्या नावावर खपवतात.

टॉर नेमकं काय करतं?

साध्या ब्राउझरने एखादी साइट उघडली की तुमच्या इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठे गेलात ते कळतं आणि साइटला तुम्ही कुठून आलात ते कळतं. टॉर या दोन गोष्टींची फारकत करतं. जगभरात स्वयंसेवकांनी चालवलेले हजारो संगणक आहेत, त्यांना रिले म्हणतात. टॉर ब्राउझर त्यातले तीन निवडतो आणि तुमच्या माहितीवर एन्क्रिप्शनचे तीन थर चढवतो. प्रत्येक रिले आपापला एक थर काढतो. पहिल्याला तुम्ही कोण ते दिसतं, पण जायचंय कुठे ते दिसत नाही. मधल्याला फक्त आधीचा आणि पुढचा रिले माहीत. शेवटच्याला ठिकाण कळतं, माणूस कळत नाही. सगळं चित्र कोणा एकाच्याच हाती लागत नाही.

ही कल्पना चोरांच्या डोक्यातून आलेली नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत ती तयार झाली. टॉरचं जाळं २००२ मध्ये सुरू झालं आणि २००६ पासून टॉर प्रोजेक्ट नावाची ना-नफा संस्था ते सांभाळते. नौदलाने ते सगळ्यांसाठी खुलं केलं त्यामागे साधा हिशेब होता. फक्त सरकारी हेरच वापरत असतील, तर टॉर वापरणारा प्रत्येक माणूस हेर ठरणार. लपायला गर्दी लागते.

ओनियन साइटच्या बाबतीत तीन रिले तुमच्या बाजूने असतात आणि तीन त्या साइटच्या बाजूने. त्यामुळे साइटचा संगणक कोणत्या देशात आहे हेही कळत नाही. तिचा ५६ अक्षरांचा पत्ता कोणी हौसेने ठेवलेलं नाव नसतं, तो तिच्या गुप्त कीपासून, म्हणजे किल्लीसारख्या गुप्त आकड्यापासून, गणिताने निघतो. म्हणून पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर असेल, तर ती की ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच तुम्ही पोचलात याची खात्री गणित देतं. तो माणूस सचोटीचा आहे का, याबद्दल मात्र गणित काहीच बोलत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

टॉर वापरला की आपण दिसतच नाही, हे खरं का?

तुम्ही कोणती साइट पाहिली ते लपतं. पण तुम्ही टॉर वापरताय, हे तुमच्या इंटरनेट कंपनीला आणि वायफाय चालवणाऱ्याला दिसू शकतं. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षेच्या तोंडावर बॉम्ब ठेवल्याची निनावी ईमेल आली. ती टॉरमधून आली होती. तपास करणाऱ्यांनी टॉर फोडण्याचा खटाटोप केलाच नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कोण वापरत होतं तेवढं पाहिलं आणि एका विद्यार्थ्याच्या खोलीवर जाऊन विचारलं. त्याने कबुली दिली. परीक्षा टाळायची होती.

लातूरच्या वसतिगृहात रात्री दोन वाजता टॉर चालू करणारा एकटाच असेल, तर तो किती निनावी राहील हे यावरून ताडा.

टॉर वापरणं भारतात गुन्हा आहे का?

टॉर ब्राउझर ठेवण्यावर किंवा वापरण्यावर बंदी घालणारा कायदा भारतात नाही. गुन्हा ठरतो तो तुम्ही त्यातून काय करता त्यावर. अंमली पदार्थ मागवले तर १९८५ चा एनडीपीएस कायदा, चोरलेली ओळख वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क, लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं नुसती शोधली किंवा पाहिली तरी ६७ ब. या शेवटच्या बाबतीत ‘कुतूहल होतं’ हे उत्तर चालत नाही, आणि चालूही नये.

चांगल्या कामासाठी कोणी वापरतं का, की सगळी चोरांचीच वस्ती?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा थांबतो. फेसबुकने २०१४ मध्ये आपला ओनियन पत्ता सुरू केला, न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ मध्ये, बीबीसीने २०१९ मध्ये. ज्या देशांत बातम्या अडवल्या जातात तिथल्या वाचकांसाठी. सिक्युअरड्रॉप नावाची व्यवस्था टॉरवरच चालते. तिच्यातून एखादा कर्मचारी आपलं नाव न सांगता वृत्तपत्राला कागदपत्रं देऊ शकतो आणि जगातली अनेक मोठी वृत्तपत्रं ती वापरतात.

आता आपल्याकडे या. गोदावरीच्या पात्रातून रात्री वाळूचे हायवा कसे निघतात, हे काठच्या गावांत सगळ्यांना माहीत असतं. बोलत कोणी नाही, कारण बोलणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी फुटतं. एखाद्या तलाठ्याला, ग्रामसेवकाला, शिक्षकाला खरं सांगायचं असेल आणि घरादाराला झळ लागू द्यायची नसेल, तर निनावीपणा ही त्याची गरज आहे. घरात मारहाण सोसणारी बाई आपण मदत शोधत होतो हे फोनवर दिसू नये म्हणून लपते, तेव्हाही तिला हेच हवं असतं. लपणारा प्रत्येक जण गुन्हेगार, असं आपल्या बोलण्यात सहज येतं. ते मला पटत नाही.

एन्क्रिप्शन म्हणजे काय? पीजीपी पीजीपी म्हणतात ते कोणतं?

मजकुराचं अशा आकड्यांत रूपांतर करायचं की ज्याच्याकडे योग्य की आहे त्यालाच तो परत वाचता येईल. जुन्या पद्धतीत दोघांकडे एकच की लागायची आणि ती आधी गुपचूप पोचवायची कशी, हीच अडचण होती. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी त्यावर वाट काढली, १९७७ मध्ये आरएसए पद्धत आली. आता प्रत्येकाकडे दोन की असतात. एक जाहीर, कोणालाही द्यावी. तिच्याने बंद केलेला मजकूर फक्त दुसऱ्या, खासगी कीनेच उघडतो. ती कोणालाच द्यायची नाही. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी लिहून हे सामान्य माणसाच्या संगणकावर आणलं. ते परदेशांत पोचलं म्हणून अमेरिकेच्या सरकारने तीन वर्षं त्यांची चौकशी केली आणि १९९६ मध्ये सोडून दिली.

हे काही दूरचं नाही. तुमचं व्हॉट्सॲप २०१६ पासून याच घराण्यातलं एन्क्रिप्शन वापरतं. उमरग्याच्या आजी मुंबईच्या नातवाला व्हॉइस नोट पाठवतात, तीही वाटेत कोणी ऐकू शकत नाही.

मात्र एन्क्रिप्शन वाट सांभाळतं, दोन्ही टोकं सांभाळत नाही. नातवाचा फोन उघडा कोणाच्या हाती पडला, तर सगळं वाचता येतं. डार्कनेटवरच्या मोठमोठ्या अटका याच टोकांवर झाल्या आहेत.

इतकं पक्कं गणित आहे, तर पोलिसांना हे लोक सापडतात तरी कसे?

गणित न फोडता. तीन उदाहरणं पुरेशी आहेत.

सिल्क रोड हा अंमली पदार्थांचा पहिला मोठा डार्कनेट बाजार, फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाला. तो चालवणारा रॉस उलब्रिक्ट. त्याच्यापर्यंत पोचायला अमेरिकेच्या कर खात्याच्या एका तपास अधिकाऱ्याला साधा गूगल शोध उपयोगी पडला. बाजार नवा असताना त्याची जाहिरात कोणीतरी ‘अल्टॉइड’ या नावाने खुल्या इंटरनेटवर केली होती, आणि त्याच टोपणनावाने दुसरीकडे लिहिताना संपर्कासाठी उलब्रिक्टचं खरं नाव असलेला जीमेल पत्ता दिला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात तो लॅपटॉप उघडून बसला असताना साध्या वेशातल्या दोन अधिकाऱ्यांनी त्याच्या मागे भांडणाचं नाटक केलं. तो वळून पाहतो तोवर लॅपटॉप उचलला गेला, चालू स्थितीतच. बंद झाला असता तर एन्क्रिप्शन आडवं आलं असतं. आत त्याने स्वतः लिहिलेली रोजनिशी होती. २०१५ मध्ये जन्मठेप झाली, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली.

अल्फाबे त्याहून कितीतरी मोठा. बंद झाला तेव्हा दोन लाखांवर ग्राहक आणि ४० हजार विक्रेते होते. सुरुवातीच्या काळात नव्या सदस्यांना जी स्वागताची ईमेल जायची, तिच्या तांत्रिक मथळ्यात चालकाचा खासगी हॉटमेल पत्ता राहून गेला होता. जुलै २०१७ मध्ये बँकॉकला त्याच्या घराच्या फाटकावर पोलिसांनी गाडी धडकवली, तो बघायला बाहेर आला, आणि आत लॅपटॉप उघडाच होता. आठवडाभरात तो कोठडीत मेला.

तिसरं उदाहरण हान्साचं, आणि विश्वासाबद्दल सर्वांत जास्त तेच शिकवतं. नेदरलँड्सच्या पोलिसांनी २० जून २०१७ रोजी हान्सा बाजार गुपचूप ताब्यात घेतला आणि बंद न करता महिनाभर स्वतः चालवला. मधेच अल्फाबे बंद पडल्यावर तिथले लोक लोंढ्याने हान्सावर आले, म्हणजे थेट पोलिसांच्या दारात. त्या बाजारात ‘तुमचा संदेश आम्हीच एन्क्रिप्ट करून देतो’ अशी सोय होती. पोलिसांनी तिच्यात एवढाच बदल केला की एन्क्रिप्ट होण्याआधी संदेशाची एक प्रत त्यांच्याकडे पडावी. फोटोंमधली ठिकाणाची माहिती पुसणारी यंत्रणाही बंद केली. परदेशांतल्या ग्राहकांचे सुमारे १० हजार पत्ते पुढे युरोपोल या युरोपच्या पोलीस संस्थेकडे गेले. पडद्यावर सगळं होतं तसंच दिसत होतं. मालक बदलला हे कळायला ग्राहकाकडे मार्गच नव्हता.

कोणी कोणाला ओळखत नाही, मग तिथे व्यवहार होतो तरी कसा?

लातूरच्या मोंढ्याचं उदाहरण घेतो. औशाचा शेतकरी सोयाबीन आणतो. विकत घेणारा कोण, कुठला, त्याला माहीत नसतं. तो आडत्यावर भरवसा ठेवतो. आडत्या माल उतरवून घेतो, वजन करवतो, पट्टी देतो आणि पैशाची हमी घेतो. डार्कनेटच्या बाजारात आडत्याची ही जागा बाजार चालवणारा घेतो. ग्राहकाचे पैसे तो मधे धरून ठेवतो आणि माल पोचल्याचं कळलं की विक्रेत्याला सोडतो. याला एस्क्रो म्हणतात. जोडीला विक्रेत्याला मिळालेले तारे आणि ग्राहकांचे शेरे असतात, ऑनलाइन खरेदीत असतात तसेच.

आता फरक पाहा. मोंढ्यातला आडत्या कोण, त्याचं दुकान कुठे, परवाना कोणत्या बाजार समितीचा, हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्याकडेही शेतकऱ्यांचे पैसे बुडवून व्यापारी पळाल्याच्या बातम्या येतात. पण निदान समितीकडे अर्ज करता येतो, पोलिसांत जाता येतं, त्याचं घर सापडतं. डार्कनेटच्या आडत्याला नाव नाही, गाव नाही, आणि हजारो लोकांचे पैसे एकाच वेळी त्याच्या हातात असतात. जितका जास्त विश्वास साठतो, तितकी पळून जाण्यातली कमाई वाढते. ही त्या बाजाराच्या पायातलीच खोट आहे. चांगला माणूस चालवायला बसला तरी ती जात नाही.

आणि तसंच घडत आलं आहे. इव्होल्यूशन हा बाजार मार्च २०१५ मध्ये एस्क्रोतले सुमारे १ कोटी २० लाख डॉलर घेऊन एका रात्रीत गायब झाला. २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट मार्केटच्या चालकांनी तोच प्रयत्न केला आणि जर्मनीत पकडले गेले. मार्च २०२४ मध्ये इन्कॉग्निटो मार्केटने तर पैसे अडवल्यावर वर धमकी दिली: खंडणी भरा, नाहीतर तुमचे व्यवहार आणि संदेश जाहीर करू. जे संदेश ‘आपोआप एन्क्रिप्ट होतात’ आणि ‘मुदतीनंतर पुसले जातात’ असं सांगितलं होतं, ते जपून ठेवले होते, असं त्याने ग्राहकांना स्वतःच कळवलं. दोनच महिन्यांत त्या बाजाराच्या चालकाला न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक झाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

तारे आणि शेरे तरी खरे असतात का?

काही खरे असतात. पण विक्रेता स्वतःच ग्राहक बनून स्वतःला तारे देऊ शकतो, जुनी नावाजलेली खाती विकली जातात, आणि अटक झालेल्याचं खातं पोलीस चालवू शकतात. पीजीपीची सही, म्हणजे खासगी कीने केलेली डिजिटल सही, ‘हा तोच जुना विक्रेता’ एवढंच सांगते, तेही की दुसऱ्याच्या हातात गेली नसेल तरच.

गंमत नव्हे, पण लक्षात घ्या: कायद्याच्या बाजूचेही सगळे विश्वासाचे नव्हते. सिल्क रोडच्या तपासात असलेल्या दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी तपासादरम्यान स्वतःच बिटकॉइन, म्हणजे या बाजारात चालणारं डिजिटल चलन, लाटलं. दोघांनाही २०१५ मध्ये सहा-सहा वर्षांच्या आसपास शिक्षा झाली.

बिटकॉइनने पैसे दिले तर माग लागत नाही ना?

उलट आहे. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार जानेवारी २००९ पासून एका जाहीर वहीत नोंदला जातो. ती वही जगात कोणीही उघडावी, आणि ती खोडता येत नाही. तिच्यात नावं नसतात, खात्यांचे पत्ते असतात. पण त्यातला एक पत्ता जरी तुमच्या नावाशी जोडला गेला, तरी मागचा-पुढचा सगळा धागा हाती येतो. भारतात एक्सचेंजवर, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल चलनं (क्रिप्टो) विकणाऱ्या साइटवर, खातं काढताना पॅन आणि ओळखीचा पुरावा द्यावाच लागतो आणि मार्च २०२३ पासून ही एक्सचेंजेस मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली येतात. म्हणजे धाग्याचं एक टोक पहिल्याच दिवशी तुमच्या नावाने बांधलेलं असतं.

अमेरिकेत एकाने २०१२ मध्ये सिल्क रोडमधून ५० हजारांवर बिटकॉइन चोरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस त्याच्या घरी पोचले तेव्हा त्यातले बरेच बाथरूममधल्या कपाटात, पॉपकॉर्नच्या डब्यात ठेवलेल्या एका छोट्या संगणकावर होते. नऊ वर्षं ती वही वाट पाहत होती.

व्हीपीएन लावला तर?

व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेटवरची ये-जा आपल्या संगणकातून वळवणारी सेवा. मग इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनीवर विश्वास ठेवला, एवढंच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. फुकटचे व्हीपीएन तर टाळाच.

भारतात कोणी पकडलं गेलंय का?

हो. फेब्रुवारी २०२० मध्ये एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अंमली पदार्थविरोधी विभागाने, लखनौहून एका तरुणाला पकडलं. तो डार्कनेटवरून परदेशी ग्राहकांना गुंगीच्या गोळ्या पाठवत असल्याचा आरोप होता. जून २०२३ मध्ये एनसीबीनेच एका जाळ्याकडून एलएसडी हे अंमली द्रव्य लावलेले सुमारे १५ हजार कागदाचे तुकडे जप्त केले. हल्द्वानीच्या एकाने सिल्क रोडपासून हान्सापर्यंत अनेक बाजारांत विक्री केली. लंडनमध्ये अटक, तिथून अमेरिका, आणि २०२४ मध्ये पाच वर्षांची शिक्षा. सोबत सुमारे १५ कोटी डॉलरची क्रिप्टो संपत्ती गेली.

मागवणाऱ्यांनी एक समजून घ्यावं. संदेश कितीही एन्क्रिप्ट केला तरी पार्सलवर पत्ता उघडाच लिहावा लागतो. एलएसडीचं व्यापारी प्रमाण कायद्यात फक्त ०.१ ग्रॅम आहे, आणि त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा. मिश्रण असेल तर त्याचं एकूण वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. कलम ३५ नुसार ‘मला माहीत नव्हतं’ हे आरोपीलाच सिद्ध करावं लागतं.

माझा मुलगा लातूरला क्लासला आहे. त्याच्या मोबाइलमध्ये टॉर दिसलं. काय करू?

आधी ओरडू नका. बहुतेक मुलं यूट्यूबवर पाहून उत्सुकतेपोटी टाकतात. ताई-दादा, शांतपणे विचारा की काय पाहिलंस, आवडलं का, कोणाकडून कळलं. मुलगा सांगायला लागला तर मधे तोडू नका. टॉरपेक्षा काळजीच्या खुणा वेगळ्या आहेत: ओळख नसलेल्या नावाची पार्सलं, खात्यातून क्रिप्टो एक्सचेंजला गेलेले पैसे, झोप आणि जेवण बिघडणं, मित्र एकदम बदलणं.

नशेचा संशय असेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा. मनावरचा ताण असेल तर टेलिमानस, १४४१६. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४ अ पालकांना क्वचितच माहीत असतं. अल्प प्रमाणाच्या प्रकरणात व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. म्हणून लपवत बसण्यापेक्षा उपचार लवकर सुरू करा. घरापासून लांब, एका खोलीत, रोजच्या टेस्टच्या गुणांवर जगणाऱ्या पोरांवर केवढं ओझं असतं ते मी पाहतो. त्याला आधी घरचं माणूस हवं असतं.

परीक्षेचे पेपर डार्कनेटवर मिळतात का?

जून २०२४ मध्ये यूजीसी-नेटची परीक्षा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. पेपर डार्कनेटवर आल्याचं केंद्रीय शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. नऊ लाखांहून जास्त परीक्षार्थी होते, आपल्याकडचेही कितीतरी. नंतर सीबीआयच्या तपासात निघालं की पेपर आधीच फुटल्याचं दाखवणारा तो स्क्रीनशॉट बनावट होता. परीक्षेनंतरच्या फोटोची वेळ बदलून तो टेलिग्रामवर फिरवला होता.

‘डार्कनेट’ हा शब्द ऐकला की आपण पुरावा मागणं सोडतो, आणि ठगांना तेच हवं असतं. टेलिग्रामवर ‘डार्कवेबहून आणलेला पेपर’, ‘डार्कवेबचा आयफोन’ विकणारे बहुतेक जण पैसे घेऊन ब्लॉक करतात. आणि पेपर खरा निघाला तर विकत घेणाराही गुन्ह्यात अडकतो.

माझा आधार डार्कनेटवर विकला गेलाय का?

गेला असू शकतो, असं धरून वागा. २०२१ मध्ये एका पिझ्झा साखळीच्या १८ कोटी ऑर्डरींची माहिती डार्क वेबवर शोधता येईल अशी मांडून ठेवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ८१.५ कोटी भारतीयांची आधारसह माहिती विकायला असल्याची जाहिरात चोरांच्या एका फोरमवर आली. यात तुमची-माझी काही चूक नव्हती. ज्यांच्याकडे विश्वासाने दिली, त्यांच्याकडून ती गळली.

तरीही काही गोष्टी आपल्या हातात आहेत. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा. अंगठ्याचा ठसा नक्कल करून आधारवरून पैसे काढण्याचे प्रकार झाले आहेत, आणि आपल्या गावांत पीकविम्याचे, निराधार योजनेचे पैसे अंगठ्यावरच निघतात. काढायच्या वेळी थोडा वेळ उघडा, पुन्हा बंद करा. झेरॉक्स द्यायची तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. नंबर सांगण्याऐवजी १६ अंकी व्हर्च्युअल आयडी चालतो. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर बघा.

ग्राहक सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलांना हात जोडून विनंती: ग्राहकांचे आधार, पासबुक, फोटो तुमच्या खासगी व्हॉट्सॲपवर मागवता, ते काम झालं की पुसा. डेस्कटॉपवर गावाच्या नावाचा फोल्डर करून वर्षानुवर्षं ठेवू नका. तो संगणक एकदा फुटला की अख्खं गाव विकलं जातं.

‘खातं वापरायला दे, महिन्याला दहा हजार देतो’ असं एक मित्र म्हणतोय. त्यात काय बिघडलं?

सगळं बिघडलं. चोरीचा आणि फसवणुकीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरवून क्रिप्टोत वळवतात. मागचे सूत्रधार लपलेले राहतात, खात्यावर नाव तुमचं असतं, आणि परराज्यातले पोलीस तुमच्या दारात येतात. दुष्काळी पट्ट्यातल्या बेरोजगार पोरांना हेरून हे केलं जातं म्हणून जीव तुटतो. सिम आणि एटीएम कार्डही देऊ नका, चुलतभावालासुद्धा.

सरकार टॉर आणि एन्क्रिप्शन बंदच का करत नाही?

जे गणित चोराचा संदेश झाकतं तेच तुमच्या यूपीआयचा पिनही झाकतं. फक्त पोलिसांना उघडेल असं मागचं दार ठेवता येत नाही. ठेवलं की ते आज ना उद्या दुसऱ्याच्या हाती लागतंच. आणि हान्सा-अल्फाबेचा तपास पाहिला तर दिसतं की चिकाटीच्या पोलिसांना त्या दाराची गरज पडली नाही. माझं मत विचाराल तर पैसा तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित सायबर पोलीस देण्यावर खर्च करावा.

मी फसलोय. आधी काय करू?

लगेच १९३० ला फोन करा, रात्र असली तरी. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवा. आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडेही जाता येतं. अंमली पदार्थांच्या विक्रीची माहिती द्यायची असेल तर एनसीबीची हेल्पलाइन १९३३ आहे.

चॅट, स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, क्रिप्टो पत्ता काहीही पुसू नका, लाज वाटली तरी. ‘डार्कवेबवरून तुमचे पैसे परत आणून देतो’ म्हणणारा हॅकर लगोलग भेटेल, तो दुसरा ठग आहे. त्याला एक रुपयाही देऊ नका. तक्रारीचा पावती क्रमांक वहीत लिहून ठेवा. गोठवलेली रक्कम परत मिळावी म्हणून पुढे कोर्टात अर्ज करताना तो लागतो.